उपासमारीनं खंगलेल्या कोंबडीला पुन्हा उभं कसं करायचं

प्रश्न असा आला आहे: पाळलेली एक कोंबडी जवळजवळ आठवडाभर बेपत्ता होती. शेवटी ती अडगळीच्या बंद खोलीत सापडली. छपरातून ठिबकणारं पाणी तिथं साचत होतं, त्यावरच ती तगली असावी. आता छातीचं हाड हाताला टोचतंय, डोळे अर्धे मिटलेले आहेत, उभी केली की बसकण मारते. पुढ्यात दाणे टाकले तर दोन-चार टिपते आणि थांबते. घरातल्यांचं म्हणणं, चोच उघडून पोटभर भरवा. तसं करावं का, आणि नेमकं द्यायचं काय?

पोटभर भरवू नका. हे सगळ्यात आधी सांगते, कारण उपाशी पक्षी सापडला की माणसं मायेपोटी पहिल्या तासाभरात हेच करतात, आणि उपासमारीतून वाचलेली कोंबडी पुढच्या दोन-तीन दिवसांत दगावते. क्रम असा ठेवा: आधी ऊब, मग पाणी, मग अगदी थोडं अन्न. हा क्रम उलटला तर चांगल्यातलं चांगलं खाद्यही तिला सोसणार नाही.

कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, म्हणजे आपल्यापेक्षा बरंच जास्त. ते टिकवायला तिला सतत काहीतरी जाळावं लागतं. तुमच्या कोंबडीची चरबी केव्हाच संपली आहे आणि आता छातीचं मांस झिजतंय. अशा कोंबडीचं अंग लवकर गार पडतं. अंग गार पडलं की आतड्यांची हालचाल मंदावते, अन्नपिशवी (गिळलेलं अन्न आधी साठतं ती गळ्याखालची पिशवी) रिकामी होत नाही आणि आत गेलेलं अन्न तिथंच आंबायला लागतं. म्हणून पहिली तपासणी हातानं करा. तिचे पाय मुठीत धरा, पंखाखाली बोटं घाला. पाय थंडगार लागले आणि पंखाखालीही नेहमीची ऊब नसली, तर आत्ता खाणं विसरा.

एक खोलगट खोकं घ्या, तळाला जुना टॉवेल पसरा. कागद किंवा गुळगुळीत पृष्ठभाग नको, त्यावर अशक्त पाय फाकतात. खोक्याच्या एका बाजूला गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा आणि दुसरी बाजू मोकळी सोडा, म्हणजे उकडलं तर तिला सरकता येईल. खोक्यातली हवा २८ ते ३० अंशांपर्यंत असली की पुरे. ती चोच उघडून धापा टाकायला लागली किंवा पंख अंगापासून लांब धरून बसली, तर ऊब जास्त झाली आहे. पिसं फुलवून, मान आत ओढून बसली असेल तर अजून कमी आहे. दिवा लावून ऊब देणार असाल तर तो खोक्यापासून नीट अंतरावर आणि घट्ट बांधलेला हवा. पेंढ्यावर पडलेल्या दिव्यानं खुराडी जळतात.

खोकं शांत जागी ठेवा, पण काळोखात नको. कोंबडी अंधारात खात नाही. आजारी म्हणून तिला दिवसभर झाकून ठेवलं तर भूक असूनही ती चोच हलवणार नाही. दिवसा मवाळ उजेड आणि रात्री अंधार, एवढं सांभाळा.

ती ऊब घेत असताना दोन गोष्टी करून घ्या. तिचं वजन करा आणि लिहून ठेवा. स्वयंपाकघरातला काटा आणि त्यावर एक टोपली, एवढ्यानं काम होतं. आणि छाती चाचपा. निरोगी कोंबडीच्या छातीचं हाड दोन्ही बाजूंच्या मांसाच्या मधोमध जेमतेम लागतं. हाडाच्या दोन्ही बाजूंना मांस सपाट झालं असेल तर ती बारीक आहे. मांसाच्या जागी खळगे पडले असतील आणि हाडाची धार बोटाला सबंध लागत असेल, तर ती खरोखर खंगली आहे आणि पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. नुसती दोन दिवस खाल्लं नाही अशा कोंबडीसाठी एवढी सावधगिरी लागत नाही. तिला पाणी आणि नेहमीचं खाद्य थोडं थोडं दिलं की ती सावरते.

आता पाणी. कोंबडी भूक बराच काळ सोसते, तहान सोसत नाही. व्यापारी पोल्ट्रीत पूर्वी पिसं झडून कोंबड्या पुन्हा अंड्यावर याव्यात म्हणून दहा-दहा दिवस खाद्य बंद ठेवायची पद्धत होती. त्यात कोंबडी वजनाच्या पाव हिश्शाहून जास्त घटायची. ती क्रूर पद्धत होती आणि अनेक ठिकाणी आता तिला मनाई आहे. पण त्यातून एवढं नक्की कळतं की पाणी मिळालेली धडधाकट कोंबडी एवढ्या झिजेतूनही परत येऊ शकते. तुमच्या कोंबडीला ठिबकणारं पाणी मिळत होतं ही तिच्या बाजूची सगळ्यात मोठी गोष्ट आहे.

तरी तिचं अंग सुकलेलं असणार. पायाच्या बोटावरची किंवा पापणीची कातडी हलकेच चिमटीत धरून सोडा. ती लगेच सपाट झाली नाही, डोळे खोल गेलेले दिसले, तोंडातली लाळ दोऱ्यासारखी चिकट असली, तर पाण्याची बरीच तूट आहे. हिशेब असा करता येतो: कोंबडीला रोजच्या गरजेपुरतं पाणी दर किलो वजनाला सुमारे ५० मिलिलिटर लागतं. सुकलेल्या कोंबडीच्या वजनाच्या दहा टक्के पाणी कमी झालं आहे असं धरा, आणि ती तूट एका दिवसात नव्हे तर दोन-तीन दिवसांत भरून काढा. दीड किलोची कोंबडी असेल तर रोजचे ७५ मिलिलिटर आणि तुटीपैकी ५० ते ७५, म्हणजे पहिल्या दिवशी एकूण १२५ ते १५० मिलिलिटर. हे दिवसभरात विभागून.

पाणी कोमट हवं. पहिल्या दिवशी माणसांसाठी मिळणारी ओआरएसची पुडी सांगितल्याच्या दुप्पट पाण्यात कालवून दिलेली चालते. दुप्पट पाणी अशासाठी की कोंबडीला जास्तीचं मीठ बाधतं. दुसऱ्या दिवसानंतर साधं पाणी. दिवसभर साखरेचं घट्ट पाणी पाजत राहू नका. त्यानं तरतरी आल्यासारखी वाटते, पण नुसत्या साखरेनं पुढे कसा घात होतो ते खाली सांगते.

ती स्वतः पीत असेल तर उत्तम. चोचीचं टोक पाण्यात हलकेच बुडवा, बहुतेक कोंबड्या लगेच मान वर करून घोट घेतात. मात्र सुरुवातीला पूर्ण भांडं पुढ्यात ठेवू नका. थोडं पिऊ द्या, दहा-पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा द्या. स्वतः पीत नसेल तर सिरिंज किंवा ड्रॉपर घ्या, आणि इथं घाई अजिबात नको. कोंबडीची चोच उघडून आत पाहिलंत तर जिभेच्या मुळाशी, मधोमध, एक लहानशी फट उघडझाप करताना दिसेल. ती श्वासनलिका. आपल्या घशात तिच्यावर झाकण असतं, कोंबडीला तसं झाकण नाही. तोंडात पिचकारी मारली की पाणी सरळ फुप्फुसात जाऊ शकतं, आणि त्यातून झालेला न्यूमोनिया अशा कोंबडीला पेलत नाही. म्हणून चोच उघडूच नका. तिला मांडीवर सरळ बसवा, मान तिच्या नेहमीच्या स्थितीत राहू द्या आणि चोचीच्या कडेला, वरची आणि खालची चोच मिळते त्या रेषेवर, थेंब सोडा. थेंब आत ओढला जातो, ती चोच चुटुचुटू हलवते आणि गिळते. गिळल्याचं दिसलं की पुढचा थेंब. ती गिळतच नसेल, मान लुळी पडत असेल, तर तोंडानं काहीही देऊ नका. अशा वेळी कातडीखाली सलाईन देणं हाच मार्ग, आणि ते पशुवैद्यानं करायचं काम आहे.

अन्नाकडे वळण्याआधी अन्नपिशवी पाहा. गळ्याच्या खाली, छाती सुरू होते तिथं, किंचित उजव्या बाजूला ती असते. रिकामी असेल तर हाताला लागतही नाही. लागली आणि कडक गोळ्यासारखी असली, तर अडकलेल्या अवस्थेत तिनं गवत, दोरा, पेंढा, जे दिसेल ते गिळलेलं असू शकतं आणि ते तिथं तुंबलं आहे. पाण्यानं भरलेल्या फुग्यासारखी मऊ लागली आणि चोचीला आंबूस वास येत असला, तर आतलं आंबलं आहे. या दोन्ही अवस्थांत वरून अन्न घालणं म्हणजे तुंबलेल्यात भर. कोमट पाण्याचे थोडे घोट देऊन पिशवी बोटांनी हळूहळू चोळा आणि डॉक्टर गाठा. तिला उलटी धरून पिशवी पिळून रिकामी करायचा उपाय बरेच लोक सांगतात. तो करू नका. तसं करताना बाहेर येणारं पाणी श्वासनलिकेत जाऊन हातातच कोंबड्या मेलेल्या आहेत.

पिशवी रिकामी आहे, अंग उबदार झालं आहे, पाणी पोटात गेलं आहे आणि ती मान धरून बसते आहे, तर आता अन्न द्या.

थोडंच का, हे नीट समजून घ्या, म्हणजे घरातल्यांनाही सांगता येईल. उपाशी शरीर साखरेवर चालायचं सोडून चरबी आणि मांसावर चालायला लागतं. त्या दिवसांत पेशींमधला फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियमचा साठा आटत जातो. अशात एकदम पिष्टमय अन्न किंवा साखर पोटात गेली की इन्सुलिन वाढतं आणि साखरेबरोबर हे क्षारही रक्तातून पेशींकडे ओढले जातात. आधीच तुटपुंज्या असलेल्या रक्तातल्या पातळ्या कोसळतात. हृदयाचे ठोके बिघडतात, श्वासाचे स्नायू थकतात, झटके येतात. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४५ साली, छळछावण्यांतून सुटलेली माणसं पोटभर जेवण मिळाल्यावर दगावली त्यामागे हेच कारण होतं. पक्ष्यांच्या शरीरातही हाच घात होतो. कोंबडी पहिल्या दिवशी हावरटासारखी खाते, सगळे खूश होतात आणि तिसऱ्या दिवशी ती अचानक कोसळते.

यात अजून एक कमतरता भर घालते, ती बी-१ जीवनसत्त्वाची, म्हणजे थायमिनची. साखरेचं ज्वलन करायला थायमिन लागतं आणि शरीरात त्याचा साठा फार थोडा असतो. ही गोष्ट जगाला मुळात कोंबड्यांमुळेच कळली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमन हे डच डॉक्टर बेरीबेरीचा, म्हणजे माणसाचे हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराचा, अभ्यास करत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडायला लागले. शोध घेतल्यावर कळलं की त्यांना काही काळ लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला, पॉलिश केलेल्या तांदळाचा भात घातला जात होता. नव्या आचाऱ्यानं तो भात द्यायचं बंद केलं, कोंबड्यांना पुन्हा कोंड्यासकट तांदूळ मिळायला लागला आणि त्या बऱ्या झाल्या. या कामासाठी आइकमन यांना १९२९ च्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. तुमच्या कोंबडीसाठी यातला धडा सरळ आहे: अशक्त आहे, हलकं द्यावं म्हणून नुसता मऊ पांढरा भात दिवसच्या दिवस घालू नका. त्यात पिष्ट भरपूर आणि थायमिन जवळजवळ नाही, म्हणजे उपाशी कोंबडीला नेमकं नको ते आहे. डॉक्टरांना विचारून पहिल्या घासाच्या आधी किंवा सोबतच बी-कॉम्प्लेक्स सुरू करा. मान मागे वळवून आकाशाकडे पाहिल्यासारखी धरायला लागली तर थायमिन कमी पडल्याचा संशय घ्या आणि लगेच धाव घ्या.

द्यायचं काय, तर पिल्लांसाठीचं तयार खाद्य, म्हणजे स्टार्टर, कोमट पाण्यात भिजवून. त्यात १८ ते २० टक्के प्रथिनं असतात, जीवनसत्त्वं आणि क्षार मोजून घातलेले असतात, बारीक असल्यानं गिझार्डवर, म्हणजे दाणे दळणाऱ्या स्नायूंच्या जठरावर, ताण पडत नाही. अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेयर खाद्य आत्ता नको. त्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं. अंडी न देणाऱ्या, सुकलेल्या कोंबडीच्या मूत्रपिंडांवर त्याचा विनाकारण भार पडतो. अख्खं धान्यही आत्ता नको. ते दळायला गिझार्डमध्ये खडे आणि जोर दोन्ही लागतात, आणि तिच्याकडे कदाचित दोन्ही नाहीत. तुम्ही टाकलेले दाणे ती दोन-चार टिपून थांबते, ते बरंच आहे.

प्रमाण असं: मध्यम आकाराची कोंबडी दिवसाला १०० ते १२० ग्रॅम कोरडं खाद्य खाते. पहिल्या दिवशी त्याचा पाव हिस्सा, साधारण २५ ते ३० ग्रॅम, सहा-सात वेळांत विभागून. एका वेळी एक-दोन चमचे भिजवलेलं खाद्य, पातळ खिरीइतकं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निम्म्यापर्यंत, चौथ्या-पाचव्या दिवशी पाऊण, आणि आठवडा होत आला की पूर्ण. दरवेळी आधी अन्नपिशवी चाचपा. मागचं उतरलं नसेल तर पुढचं देऊ नका, ऊब वाढवा आणि थोडं पाणी द्या. दुसऱ्या दिवसापासून उकडलेल्या अंड्याचा थोडा बलक कुस्करून मिसळलात तर चालेल. त्यात प्रथिनं आणि फॉस्फरस दोन्ही आहेत. पण अंडंच्या अंडं नाही, कारण स्निग्ध पदार्थही तिला आत्ता एकदम पेलत नाहीत. तेल-तूप, दूध, खारट उष्टं अन्न, ताजा मऊ पाव, यातलं काहीच नको. पाव पिशवीत जाऊन कणकेसारखा बसतो.

ती स्वतःच्या चोचीनं खाईल यासाठी जितका वेळ घालवाल तितका थोडा. हातानं भरवणं ही वेळ निभावायची सोय आहे. स्वतः टिपायला लागणं ही खरी सुधारणा आहे. कोंबडी पिल्लांना खायला शिकवते तेव्हा अन्न चोचीनं उचलून पुन्हा खाली टाकते आणि कुक्-कुक् करते. तुमच्या बोटाचं नख त्या चोचीचं काम करतं. वाडग्याच्या कडेला, अन्नाच्या जवळ, नखानं टकटक करा, एखादा कण उचला आणि टाका. मरगळलेली कोंबडीही डोळा उघडून बघते, मान पुढे करते आणि कधी कधी बोटावरच चोच मारते. मारू द्या, पुढची चोच अन्नावर पडेल. वाडगा तिच्या छातीच्या उंचीवर ठेवा. अशक्त कोंबडी खाली वाकली की पुढे कलंडते आणि मग खाणंच सोडून देते. अंगाच्या दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या लावून तिला सरळ बसवलंत तर तिची निम्मी शक्ती वाचते.

एवढं करूनही ती खात नसेल तर चोचीच्या कडेला पातळ खिरीचे थेंब, पाण्यासारखेच. नळीनं थेट अन्नपिशवीत भरवायची पद्धत प्रभावी आहे, पण ती कुणाकडून तरी समोर बसून शिकल्याशिवाय करू नका.

विष्ठा रोज पाहा. पहिल्या दिवशी ती थोडीशी, गर्द हिरवी आणि चिकट असेल. घाबरू नका. आतड्यात अन्न नसलं की पित्त तसंच खाली येतं, त्याचा तो रंग. अन्न पुढे सरकायला लागलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत ती तपकिरी, बांधीव, वर पांढरी टोपी असलेली व्हायला लागते. अधूनमधून मोहरीच्या चटणीसारखी पातळ, घाण वासाची एखादी येते, तीही नेहमीचीच आहे. ती आतड्याला जोडलेल्या बंद टोकाच्या दोन पिशव्यांतून (सीकम) येते आणि आतडं चालू असल्याची खूण असते. भरपूर खाऊनही हिरवा रंग हटत नसेल, किंवा रक्त दिसलं, तर मात्र आत काहीतरी वेगळं चाललं आहे. खालची पिसं विष्ठेनं माखत असतील तर कोमट ओल्या फडक्यानं पुसून कोरडी करा. उष्ण हवेत त्या ओल्या जागी माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या पडतात. पूर्ण आंघोळ मात्र घालू नका, ओली कोंबडी पुन्हा गार पडते.

रोज सकाळी, खाण्याआधी, वजन. पहिल्या दोन दिवसांत पाण्यामुळे ते थोडं वाढेल, त्यावरून काही ठरवू नका. त्यानंतर तीन-चार दिवस ते जागच्या जागी राहिलं तरी निराश होण्याचं कारण नाही, झीज थांबली हेच तेव्हा मिळवलेलं असतं. छातीचे खळगे भरायला तीन-चार आठवडे सहज लागतात, वयस्कर कोंबडीला त्याहून जास्त.

आता एक प्रश्न मी तुम्हाला विचारते. ती अडकली म्हणून उपाशी राहिली, हे नक्की का? बऱ्याचदा कोंबडी आधीच आजारी असते, कळपापासून लांब राहते, कोपरा शोधते आणि म्हणूनच अडगळीत शिरते. खोलीत शिरण्याआधीच ती बारीक होत चालली होती का, आठवून पाहा. एका आठवड्यात इतकं मांस झिजणं शक्य आहे, पण दोन किलोची कोंबडी एक किलोवर आली असेल तर ते आठवड्याचं काम नाही.

म्हणून ती जरा सावरली की डोक्यापासून पायापर्यंत तपासा. वरची आणि खालची चोच जुळते का? तोंडात पांढरट खवले नाहीत ना? दोन्ही डोळ्यांनी दिसतं का? हात हळूच जवळ नेल्यावर ती कोणत्या बाजूनं दचकत नाही ते पाहा. एका डोळ्यानं आंधळी कोंबडी खाण्याच्या भांड्याजवळ सतत मार खाते. तुरा फिकट पडला असेल तर पिसं बाजूला करून कातडी बघा. उवा दिवसाही अंगावर सापडतात, त्यांची अंडी गुदद्वाराजवळच्या पिसांच्या बुडाशी गुच्छानं चिकटलेली असतात. लाल माइट हे बारीक किडे मात्र दिवसा खुराड्याच्या फटींत लपतात आणि रात्री रक्त प्यायला बाहेर येतात. रात्री बसायच्या दांडीखालून पांढरं फडकं फिरवा, त्यावर लाल ठिपके उमटले तर उत्तर मिळालं. पोट खालून फुगलेलं, पाण्यानं भरल्यासारखं लागत असेल आणि ती उभी राहिल्यावर शरीर सरळ ताठ धरत असेल, तर अंडाशयाचा आजार असू शकतो. दोन-तीन वर्षांच्या पुढच्या अंड्याच्या कोंबड्यांत तो पुष्कळ दिसतो. एक पाय पुढे, एक मागे पसरून बसणारी तरुण कोंबडी असेल तर मरेक्स या विषाणूजन्य आजाराचा विचार करावा लागतो. भरपूर खाऊनही खंगत जाणाऱ्या कोंबडीत जंत, आणि कधी क्षयही.

जंताचं औषध पहिल्या दिवशी देऊ नका. ती नीट खायला लागून काही दिवस झाले, विष्ठा तपासून घेतली, की मग डॉक्टरांच्या सल्ल्यानं. पोटात जंत खूप असतील तर एकदम मेलेल्या जंतांचा गोळा अशक्त आतड्यात अडकू शकतो. रक्ती हगवणीवर दिलं जाणारं अँप्रोलियम हे थायमिनच्याच रूपासारखं औषध आहे. ते परजीवीला थायमिन मिळू देत नाही, आणि जास्त दिवस दिलं तर कोंबडीलाही. खंगलेल्या कोंबडीला ते द्यायची वेळ आली तर तिच्या उपासमारीबद्दल डॉक्टरांना स्पष्ट सांगा. बी-१ आणि अँप्रोलियम एकाच वेळी दिले तर औषधाचा जोर कमी होतो, म्हणून क्रम त्यांनाच ठरवू द्या.

कळपातल्या आणखी कोंबड्या एकदम आजारी पडल्या, चेहरे सुजले, तुरे निळे-जांभळे पडले किंवा अचानक मरायला लागल्या, तर घरगुती शुश्रूषा तिथंच थांबवा. पक्ष्यांना कमीत कमी हात लावा आणि पशुसंवर्धन खात्याला कळवा. एरवीही तिला हाताळल्यावर साबणानं हात धुवा, तिची भांडी स्वयंपाकघरातल्या भांड्यांत मिसळू नका.

डॉक्टरांकडे लगेच जायच्या खुणा: चोच उघडून श्वास, चोवीस तासांत न उतरलेली अन्नपिशवी, झटके, रक्ताची विष्ठा, आणि दोन दिवस ऊब-पाणी-अन्न मिळूनही मान न धरणं. यातल्या काही कोंबड्या वाचत नाहीत. उपासमारीत यकृत, मूत्रपिंडं इतकी थकलेली असतात की वेळ निघून गेलेली असते. असं डॉक्टरांनी सांगितलं आणि ती वेदनेत असली, तर तिला शांतपणे मरण देणं हीसुद्धा तिची काळजी घेणंच आहे, आणि तो निर्णय घेणाऱ्यानं स्वतःला दोष देऊ नये.

पण तुमची कोंबडी दाणे टिपते आहे. तिच्यात इच्छा शिल्लक आहे, हे मला फार आशादायक वाटतं.

ती सावरली की कळपात परत नेताना गडबड करू नका. आठवडा-दोन आठवडे लांब राहिलेली कोंबडी बाकीच्यांना परकी वाटते, आणि अशक्त परकीला त्या रक्त निघेपर्यंत टोचतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासूनच तिचं खोकं असं ठेवा की जाळीतून बाकीच्या तिला दिसतील. कोंबडी एकटी पडली की खाणंही कमी करते, आणि दुसरी खाताना दिसली की तिची चोच आपोआप चालते. पुढे जाळीच्या दोन्ही बाजूंना खाद्य ठेवा. मग कळपातली सगळ्यात गरीब स्वभावाची एक कोंबडी तिच्या सोबतीला द्या. त्या दोघींना एकत्र आत सोडलं तर ती एकटी लक्ष्य होत नाही. खाण्याची आणि पाण्याची भांडी दोन-दोन करा, एकमेकांपासून लांब, एकीकडून हाकललं तरी दुसरीकडे खाता येईल अशी. पहिले काही दिवस संध्याकाळी तिची अन्नपिशवी चाचपा. दिवस मावळताना ती भरलेली लागली, म्हणजे तिला खाऊ दिलं जातंय. रिकामी लागली तर तिला पुन्हा जाळीपलीकडे आणा, आणखी थोडं वजन वाढू द्या.

अंड्यांची वाट पाहू नका. उपासमारीत अंडाशय आक्रसतं, पुष्कळदा पिसंही झडतात, आणि नवी पिसं यायला पुन्हा प्रथिनं लागतात, त्यामुळे अंडी सगळ्यात शेवटी. कित्येक आठवडे जातील. तोवर स्टार्टर किंवा ग्रोअर (वाढत्या कोंबड्यांचं) खाद्यच चालू ठेवा. अख्खं धान्य सुरू कराल तेव्हा सोबत बारीक खडे एका वाटीत द्या. तुरा पुन्हा लालभडक होऊन ती अंडी घालायची जागा शोधत फिरायला लागली, की हळूहळू लेयर खाद्यावर आणा आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. पहिलं-दुसरं अंडं पातळ कवचाचं किंवा वेडंवाकडं आलं तर त्यात काळजीचं काही नाही. तिसऱ्या-चौथ्या अंड्यानंतरही कवच मऊच येत असेल, तर शिंपल्यांचा चुरा ती खरंच खाते आहे का ते बघा.